इंजिनचं काम करायचं की इंजिनच बदलायचं? खोलण्याआधी मोजून घ्या

नागपुरात वर्धा रोडचा डबलडेकर उड्डाणपूल उतरत होतो. मागचा दुचाकीवाला शेजारी आला आणि काचेवर टकटक केल्यासारखा हात करून म्हणाला, "भाऊ, गाडी धूर मारून राहिली ना तुमची." आरशात पाहिलं तर खरंच, निळसर धुराचा पट्टा. गाडी २००८ची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख साठ हजारांवर फिरलेली.

पुढच्या आठवड्यात तीन गॅरेजं फिरलो. पहिला म्हणाला, "फुल इंजिन करावं लागते." दुसरा म्हणाला, "कायले खोलता? दिल्लीवरून चालू इंजिन मागवून देतो." तिसऱ्याने ऑइलचा डबा दाखवून सांगितलं, "टाकत राहा, वर्षभर काही होत नाही." तिघेही अनुभवी होते आणि तिघांनीही इंजिनचा फक्त आवाज ऐकला. सिलिंडरमधला दाब मोजायचा गेज एकानेही लावला नाही.

त्यानंतर मी जे शिकलो, काही स्वतःच्या खिशातून आणि काही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, ते इथे क्रमाने लिहितो. सगळ्याचा गाभा एकच. काम की बदल, हा प्रश्न एकदा विचारून संपत नाही. तो खोलण्याआधी एकदा आणि खोलून मोजमाप झाल्यावर पुन्हा एकदा सोडवायचा असतो. दोन्ही वेळी "थांबा" म्हणण्याची मोकळीक आपल्या हातात राहिली पाहिजे.

आधी आरसी काढा, बॉनेट नंतर

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून दर वेळी ५ वर्षांनी नूतनीकरण होतं, आणि महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. म्हणून आरसीवरची तारीख पाहा. गाडीला १४ वर्षं होऊन गेली असतील तर इंजिनच्या खर्चापाठोपाठ नूतनीकरणाचा खर्चही येणार आहे, तो आत्ताच हिशोबात धरा. उलट नुकतंच नूतनीकरण झालं असेल तर पुढची चार-साडेचार वर्षं हातात आहेत. तेवढ्या काळासाठी चांगलं इंजिन परवडतं.

मग गाडीखाली वाका. फ्लोअर, सस्पेन्शन जिथे बसतं ते भाग, दाराखालच्या पट्ट्या पाहा. कोकणात किंवा मुंबईत इंजिन ठणठणीत आणि पत्रा चाळणी, असं सर्रास दिसतं. आपल्याकडे उलटं होतं. नागपूरच्या कोरड्या हवेत पत्रा वीस वर्षंही टिकतो, पण उन्हाळ्याचा पारा आणि रस्त्यांच्या खोदकामाची धूळ इंजिनला आधी म्हातारं करते. म्हणूनच हा प्रश्न इथल्या गाडीवाल्यांना जास्त पडतो: बाकी गाडी चांगली आहे, इंजिनच थकलंय. पत्राच गेला असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, थेट "दोन्ही नको असेल तर" या भागाकडे जा.

स्वस्त कारणं आधी बाद करा

धूर म्हणजे इंजिन गेलं, असं नसतं. धूर कधी येतो ते पाहा.

सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळा धूर, मग दोन मिनिटांत बंद: व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. रात्रभर ऑइल थेंबथेंब सिलिंडरमध्ये उतरतं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून, खाली आल्यावर दाबला की निळा ढग: हेही सील किंवा व्हॉल्व्ह गाइड. ही परीक्षा उड्डाणपुलाच्या उतारावर छान होते, मागे बसलेल्या माणसाला फक्त धुरावर नजर ठेवायला सांगा. पण चढावर जोर लावताना सतत निळा धूर आणि सोबत ओढ कमी, तर संशय पिस्टनभोवतीच्या रिंगांवर. सेमिनरी हिल्सचा चढ त्यासाठी पुरतो. पांढरा, विरळ न होणारा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट जळतंय, हेड गॅस्केट पाहा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. त्याचा इंजिनच्या झिजेशी संबंध असेलच असं नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाची एक छोटी वस्तू असते, ती कार्बनने चोंदली की क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतला, दाब वाढतो आणि ऑइल इनटेकमध्ये ढकललं जातं. लक्षणं हुबेहूब रिंगा गेल्यासारखी. पहिल्या खेपेला माझ्या गाडीत हेच निघालं, व्हॉल्व्ह सीलसोबत. हेड न उतरवता सील बदलले, पीसीव्ही नवा टाकला आणि "फुल इंजिन" सांगितलेली गाडी पुढे दोन वर्षं बिनधुराची चालली. ते दोन वर्षांचं समाधान मी अजून विसरलेलो नाही.

गाडी तापत असेल तर रेडिएटरचं झाकण, पंखा, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर या क्रमाने जा. आपल्याकडे बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय आहे, त्याचे क्षार आत थर धरतात. दुसरी सवय थर्मोस्टॅट काढून फेकायची. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की मिस्त्रीही सुचवतात, "काढून टाकू, गाडी थंड राहील." राहते खरी, पण मग डिसेंबर-जानेवारीत इंजिन पुरेसं गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल राहते आणि झीज वाढते. जुनी गाडी घेतली असेल तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे एकदा बघाच.

ऑइल किती पितं ते अंदाजाने सांगू नका. सपाट जागी गाडी उभी करा, बंद करून दहा मिनिटं थांबा, काडीवर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि किलोमीटर लिहा. हजार किलोमीटरनंतर पुन्हा तसंच मोजा, वर भरायला किती लागलं ते लिहा. दोन-तीनशे मिली जुन्या गाडीत चालून जातं. अर्धा लिटर म्हणजे लक्ष ठेवा. लिटरभर लागत असेल तर इंजिन आतून बोलतंय.

पीयूसीच्या जुन्या स्लिपा असतील तर त्याही काढा. हायड्रोकार्बनचा आकडा दर वेळी चढत गेला असेल, तर ज्वलन बिघडतंय किंवा ऑइल जळतंय याचा तो फुकटात मिळालेला पुरावा.

कंप्रेशन टेस्ट: अर्ध्या तासाचं काम, सगळ्यात मोलाचं

सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते ही टेस्ट सांगते. गेज असलेला मिस्त्री शोधा. कामठी रोडच्या ऑटोमोटिव्ह चौकापासून वाडीच्या ट्रान्सपोर्टपट्ट्यापर्यंत गॅरेजं भरपूर आहेत. प्रश्न गेज आहे का, याचा नसतो, तो काढून लावायची तयारी आहे का, याचा असतो. तुम्ही समोर उभे राहा आणि आकडे स्वतः लिहा.

इंजिन चालवून नेहमीच्या तापमानाला आणा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर स्टार्टर मंद फिरतो आणि आकडे खोटे पडतात. सगळे स्पार्क प्लग काढा, एकच नाही. कॉइलचे कनेक्टर आणि फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा. गेज पहिल्या सिलिंडरला लावा, कुणीतरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि स्टार्टर मारावा, काटा वर चढायचा थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा ठोके. ॲक्सिलरेटर न दाबता टेस्ट केली तर हवा आत येत नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. ही चूक मी दोन गॅरेजमध्ये डोळ्यांनी पाहिली आहे.

पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआयच्या (दाबाचं एकक) दरम्यान आकडा यावा. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त तफावत नको. चारही १४० असलेलं इंजिन थकलेलं आहे, पण समतोल आहे, ते अजून चालेल. तीन १६०ला आणि एक १०५ला, तर मात्र काहीतरी मोडलंय.

दोन वर्षांनी धूर परतला, त्या दुसऱ्या खेपेचे माझे आकडे: १६५, १६०, ११०, १५८.

आता ओली टेस्ट. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका, स्टार्टर दोनदा फिरवा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे झीज रिंगांत किंवा बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीत. आकडा जागचा हलला नाही तर गळती वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्या मधला गॅस्केट फुटला असण्याची शक्यता मोठी. माझा तिसरा सिलिंडर ११०वरून १५०वर गेला. रिंगा.

लीकडाउन टेस्टर मिळाला तर आणखी बरं. पिस्टन सगळ्यात वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा.

डिझेलवाल्यांनी एक लक्षात ठेवा: पेट्रोलचा गेज तिथे लावू नका. डिझेलचं कंप्रेशन ३०० ते ४०० पीएसआयच्याही पुढे जातं, त्यासाठी वेगळा गेज लागतो. शिवाय टर्बोची गाडी निळा धूर मारत असेल तर इंजिनला दोष देण्याआधी टर्बो आणि इंटरकूलरचा पाइप उघडून पाहा. पाइप ऑइलने भरलेला असेल तर दोषी बहुतेक टर्बोच.

खालचा आवाज

कंप्रेशन वरच्या भागाबद्दल सांगतं. क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याची, तब्येत ऑइलच्या दाबावरून कळते. ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावतात. गरम इंजिनात दर हजार आरपीएममागे निदान १० पीएसआय, हा जुना ठोकताळा. म्हणजे ३०००ला ३०च्या आसपास तरी हवा. आयडलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवणं त्याच दिवशी बंद करा.

आवाजही ओळखता येतो. थंड इंजिनात खटखट आणि गरम झाल्यावर बंद, तर पिस्टन बोअरमध्ये सैल आहे. त्रासदायक, पण घाई नाही. गरम झाल्यावरही खोल, जड ठोका आणि ॲक्सिलरेटर सोडता-दाबताना तो बदलतो, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. त्या आवाजावर गाडी घरापर्यंत नेली तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, आणि मग काम की बदल हा प्रश्न आपोआप सुटतो.

आता पहिला निर्णय

आकडे हातात आले की कामाचा आवाका ठरतो.

कंप्रेशन ठीक, ऑइल दाब ठीक, फक्त धूर: सील, पीसीव्ही, फार तर गाइड. इंजिन खोलू नका.

फक्त वर गळती: हेड उतरवून काम. व्हॉल्व्ह लॅपिंग, सीट कटिंग, गाइड, हेडचं फेसिंग. सीएनजीवर चाललेल्या गाड्यांत एक्झॉस्टच्या सीटा बसलेल्या सापडतात, कारण सीएनजी कोरडं इंधन, पेट्रोलसारखी ओल देत नाही. टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले असतील तरी बहुतेक वेळा काम हेडपुरतंच असतं.

रिंगा गेल्या पण ऑइल दाब चांगला: इथे मिस्त्री "हाफ इंजिन" सुचवतील, म्हणजे ब्लॉक गाडीतच ठेवून रिंगा आणि बेअरिंग बदलायचे. माझं मत स्पष्ट आहे. बोअर मोजल्याशिवाय नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे धुरात घालणं. अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नवीन गोल रिंग बसत नाही, सहा-आठ महिन्यांत धूर परत येतो. गाडी वर्षभरात विकायचीच असेल तर गोष्ट वेगळी, पण मग घेणाऱ्याला ते सांगा.

रिंगा आणि क्रँक दोन्ही: पूर्ण काम किंवा बदल. खरा पेच इथेच येतो.

कागदावरचा हिशोब

"गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च करू नका" हे सगळेच सांगतात. मला तो नियम पटत नाही. विकताना गाडीला किती मिळतील, यापेक्षा ती गेली तर तिच्या जागी तेच काम करणारी गाडी आणायला किती लागतील, हे पाहायला हवं.

समजा गाडी विकली तर १ लाख २० हजार येतात. पूर्ण कामाचा अंदाज ६० हजार. त्यावर २० टक्के अनपेक्षित खर्चाचे १२ हजार चढवा, म्हणजे ७२ हजार. आरसी चार वर्षं बाकी. वर्षाला १८ हजार. दुसरीकडे तशीच सेकंडहँड गाडी समजा पावणेदोन लाखांना मिळते, म्हणजे वरचे ५५ हजार. वरवर पाहता गाडी बदलणं स्वस्त. पण त्या गाडीच्या इंजिनात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. टायर, बॅटरी, क्लच, नाव चढवणं यांत वीसेक हजार सहज जातात. आकडे तुमचे घाला, पण दोन्ही बाजूंना सगळे खर्च मांडा.

इंजिन उतरलंच आहे तर सोबत बदलायच्या वस्तूही अंदाजात हव्यात: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट किंवा चेन किट, इंजिन माउंटिंग, होज, थर्मोस्टॅट. पाचशे रुपयांच्या सीलसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची वेळ आली की मजुरी रडवते.

बदलायचं ठरलं तर

कंपनीचं नवं इंजिन किंवा शॉर्ट ब्लॉक (हेडशिवायचं खालचं इंजिन) महाग पडतो आणि जुन्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. तरी डीलरकडे पार्ट नंबर देऊन एकदा विचारून घ्या. प्रत्यक्षात बहुतेकांचा मार्ग वापरलेल्या इंजिनाचा. दिल्लीचं मायापुरी, मुंबईतलं कुर्ला, चेन्नईचं पुदुपेट हे सुट्या भागांचे जुने बाजार. नागपुरात आलेलं इंजिन बरेचदा बाहेरून ट्रकने उतरलेलं असतं, त्यामुळे ते किती चाललं हे विक्रेत्यालाही माहीत नसतं. "पन्नास हजारच चाललंय" हे वाक्य ऐकून घ्या आणि सोडून द्या.

काय पाहायचं? क्रँक पुलीला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे अडकतं का पाहा. ऑइलचं झाकण उलटं करून बघा, आत दुधाळ चिकट थर असेल तर पाणी गेलंय, परत ठेवा. प्लग काढून कॅमेऱ्याने बोअर पाहा. मोबाइलला जोडायचे छोटे एंडोस्कोप आता स्वस्तात मिळतात. उभ्या रेघा दिसल्या तर नको. विक्रेता तयार असेल तर संप (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) खोला, तळाशी चमचमणारा चुरा म्हणजे बेअरिंग गेलेलं. स्टार्टर आणि बॅटरी लावून जमिनीवरच कंप्रेशन टेस्ट होते, ती करून दाखवायला जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. सेन्सरचे कनेक्टर आणि मॉडेलचं साल जुळतं का, हेही तिथेच पाहा. एकाच नावाच्या गाडीत दोन वेगळी इंजिनं निघतात.

"टेस्टिंग वॉरंटी" बिलावर लिहून घ्या: किती दिवस, कशाकशासाठी, आणि मजुरी कोण सोसणार.

कागदपत्रांकडे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर चुकीचा ठरतो. इंजिन बदलायला नोंदणी कार्यालयाची मान्यता लागते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार मान्यतेविना बदल झालाच असेल तर १४ दिवसांत कळवावं लागतं. तुमची गाडी एमएच-३१ची असो, पूर्व नागपूरची ४९ किंवा ग्रामीणची ४०, नोंद त्या-त्या आरटीओत. त्यासाठी इंजिनाचं पक्कं बिल, ज्या गाडीतून निघालं तिचे कागद आणि ती चोरीची नाही याची खातरजमा हवी. चोरीच्या गाड्यांची माहिती एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय प्रणालीत असते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही घ्या. मग विम्यात नवा नंबर चढवा, नाहीतर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर ब्लॉक पुसून नंबर वाचेल आणि तुम्ही खुलासे देत बसाल. कुणी "जुना नंबर पंच करून देतो" म्हणालं तर तिथून निघा. तो गुन्हा आहे.

स्वतःचा ब्लॉक ठेवून काम केलं की नंबर तोच राहतो आणि ही सगळी धावपळ वाचते. पारडं माझ्यासाठी कामाच्या बाजूने झुकलं ते बरंचसं यामुळेच.

बदल केलाच तर जुनं इंजिन लगेच देऊन टाकू नका. नवं सुरळीत चालेपर्यंत त्याचे सेन्सर, मॅनिफोल्ड, अल्टरनेटर कामाला येतात.

काम करायचं ठरलं तर: खोला, धुवा, मोजा, थांबा

मिस्त्रीशी बोलणी दोन टप्प्यांत करा. पहिला टप्पा उतरवणं, खोलणं, धुणं आणि मोजणं, याचे पैसे वेगळे. मोजमाप हातात आल्यावर दुसऱ्या टप्प्याचा अंदाज. "पूर्ण इंजिनचे इतके" असा ठोक आकडा ऐकायला बरा वाटतो, पण मग क्रँक खराब निघाला की तुमची गाडी उघड्यावर आणि तुम्ही अडलेले.

मोजमाप असं: बोअर डायल गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना. वरखालचा किंवा दोन दिशांतला फरक ०.१० मिमीपर्यंत गेला की बोअर करणं, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करणं, आलं. हेडची पातळी सरळ पट्टी आणि फीलर गेजने, तिरपीसुद्धा. छोट्या पेट्रोल इंजिनांत ०.०५ मिमी ही नेहमीची मर्यादा. तापलेल्या गाडीचं हेड वाकडं असतंच असं समजून पाहा. क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गोल भागावर) नखात अडकणारी रेघ असेल तर ग्राइंडिंग, ०.२५ किंवा ०.५० मिमी, आणि त्या मापाचे बेअरिंग शेल. अट एवढीच की कंपनी त्या क्रँकचं ग्राइंडिंग चालवून घेते. काहींवर पृष्ठभाग कडक केलेला असतो, तो घासला की क्रँक फेकायचाच.

बिडाच्या ब्लॉकला बोअर करणं सोपं. अनेक नव्या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये पातळ लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) असतात, त्यांचे ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचे, पिस्टन मिळतात का हे खोलण्याआधीच विचारा. मिळत नसतील तर अशा गाडीत बदलच शहाणपणाचा.

आता माझी चूक. तिसरा बोअर ०.१४ मिमी गेलेला निघाला. क्रँक मापात होता. मी खुश. मिस्त्रीने ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवला आणि पिस्टन यायचे होते तरी ०.२५ मिमी मोठ्या मापावर बोअर करून घेतला. पिस्टन आल्यावर दोन सिलिंडरमध्ये पिस्टन आणि भिंतीमधली फट ०.०८ मिमी भरली. हवी होती त्याच्या निम्मी. लेथवाला म्हणाला, "चालते भाऊ, गरम झाल्यावर भरते." नाही चालत. दुसऱ्या लेथवर ०.५०ला न्यावं लागलं, पिस्टनचा पहिला सेट वाया गेला आणि ब्लॉकचं एक माप आयुष्यातून कमी झालं. म्हणून क्रम असा हवा: आधी पिस्टन हातात, ते मायक्रोमीटरने मोजायचे, मग त्या पिस्टनच्या मापाने बोअर आणि शेवटी होनिंग, म्हणजे दगडाने बारीक घासणं. होनिंगच्या तिरप्या जाळीदार रेघा स्पष्ट दिसल्या पाहिजेत, त्यांतच ऑइल टिकतं आणि रिंगा बसतात. गुळगुळीत आरशासारखा बोअर पाहून भुलू नका.

होनिंगनंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने ब्रश घालून धुवायला लावा. फक्त पेट्रोलने किंवा डिझेलने पुसला तर दगडाची बारीक भुकटी रेघांत राहते आणि नव्या रिंगा पहिल्याच महिन्यात खाते. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघालं पाहिजे. ऑइलच्या गॅलऱ्यांतून हवा मारा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. मी त्या दिवशी गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसलो होतो.

जोडताना तीन गोष्टी समोर पाहा. प्रत्येक रिंग तिच्या बोअरमध्ये घालून तोंडाची फट मोजणं, साधारण ०.१५ ते ०.३० मिमी. टॉर्क पान्याने बोल्ट आवळणं, "हाताचा अंदाज" नको. आणि जे हेड बोल्ट ताणून बसतात ते नवेच टाकणं. ऑइल पंप उघडून पाहिल्याशिवाय परत बसवू देऊ नका. काढलेले जुने भाग डिकीत ठेवून घ्या, काय बदललं त्याचा तोच पुरावा.

दोन्ही नको असेल तर

पत्रा गेला, गिअरबॉक्सही ओरडतोय, आरसी संपत आली: मग नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना मोटार वाहन करात सवलत असते. कबाड्याला तशीच देऊन आरसी रद्द न करणं महागात पडू शकतं. ती गाडी किंवा तिचा नंबर पुढे कुठे वापरला गेला तर विचारणा तुमच्याकडे येते.

पहिले दोन हजार किलोमीटर

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग सुरू करा, गळती पाहा, पंखा एकदा लागू द्या. कूलंट तयार मिश्रणाचं, बोअरवेलचं पाणी पुन्हा नाही. ऑइल गाडीच्या पुस्तकातल्या ग्रेडचं पण मिनरल, महागडं सिंथेटिक नंतर.

रिंगा बसायला इंजिनावर बदलता भार हवा. एकाच वेगाने तासभर पळवणं सगळ्यात वाईट, म्हणून नवं काम केलेली गाडी समृद्धी महामार्गावर नेऊ नका, १२० तर सोडाच, ८०नेही नाही. मी रामटेकच्या जुन्या रस्त्याने जात असे: गावं, गतिरोधक, सिग्नल, गिअर सतत बदलते, आणि शेवटी गडमंदिराचा चढ. चढताना मध्यम जोर, उतरताना गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडलेला. ३०००च्या वर आरपीएम नाही आणि फार खालच्या आरपीएमला वरच्या गिअरमध्ये कुंथत चालवणंही नाही. जमलं तर हे काम हिवाळ्यात काढा, मे महिन्याच्या दुपारी नवं घट्ट इंजिन लवकर तापतं.

५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. थोडी चमक दिसेल, घाबरू नका. १५०० ते २०००च्या दरम्यान पुन्हा एकदा. सुरुवातीला ऑइल थोडं खाईल, रिंगा बसल्या की थांबतं.

दोन हजारांना मी पुन्हा गेज लावून घेतला. १७२, १७०, १७१, १६८. तो कागद आरसीच्या पाकिटात घडी करून ठेवलाय, मागच्या बाजूला पहिले चार आकडेही आहेत. दिवाळीच्या सुमारास परत मोजणार आहे.